पूर्णेतली अमेरिका

१

सगळं जिथल्या तिथं होतं, म्हणूनच चोरी लक्षात यायला वेळ लागला.

मंगल कार्यालयाचं कुलूप शाबूत होतं. खिडक्या आतून बंद होत्या. किशनरावकाकांनी टेबलावरची चादर दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि घडी घालून खुर्चीवर ठेवली. खाली त्यांचं गाव होतं. दाराच्या फळीपेक्षा थोडं मोठं. तांबूस डोंगर, दरीवर लाकडी खांबांचा पूल, धान्याच्या उंच पांढऱ्या कोठ्या, चार पायांवरची पाण्याची टाकी, दुतर्फा दुकानं असलेला एक रस्ता, त्यावर नखाएवढ्या मोटारी, आणि या सगळ्याला वळसा घालून जाणारे दोन बारीक रूळ. समोर पुठ्ठ्याची पाटी होती : 'हरिओमचं गाव, अमेरिका'.

काकांनी बटण फिरवलं. गाडी हलली नाही. त्यांनी वायर तपासली, पुन्हा फिरवलं. मग वाकून बघितलं. डबे होते. शेवटचा लाल गार्डाचा डबाही होता. पुढचं इंजिन नव्हतं.

काकांनी आयुष्यभर खऱ्या गाड्या चालवल्या होत्या. निवृत्तीनंतर तीन वर्षं समोरच्या खोलीत बसून त्यांनी हे गाव उभं केलं, कारण त्यांचा एकुलता एक मुलगा हरिओम अमेरिकेत अशाच गावात राहतो. इंजिन त्यानंच पाठवलेलं. पिवळ्या रंगाचं, लांब नाकाचं. आपल्याकडं तसं मिळत नाही. आज संध्याकाळी आमच्या छंद-प्रदर्शनाचं उद्‌घाटन होतं. तेव्हा मोठ्या पडद्यावर हरिओमला व्हिडिओ कॉल लावायचा, त्यानं तिकडची खरी टाकी दाखवायची आणि इकडं काकांनी गाडी सोडायची, असं ठरलं होतं. निमंत्रणपत्रिकेतही तसं छापलं होतं.

"पोलिसात जाऊ नको राजेश्री," काका म्हणाले. "लोक हसतील. खेळण्यातलं इंजिन गेलं म्हणून म्हातारा ठाण्यात बसलाय म्हणतील."

मी पूर्णेतल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते आणि प्रदर्शनाच्या समितीत होते. ठाण्यात गेले नाही. पण शेजारच्या दैवशालामावशींना फोन केला. मावशी रेल्वेच्या पोलिसात फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. आल्या, टेबलाभोवती एक फेरी मारली, कशाला हात लावला नाही. बराच वेळ त्या रस्त्यावरच्या मोटारींकडं बघत राहिल्या.

"चोरानं इंजिन काढलं, डबे रुळावर नीट ठेवले, चादर परत घातली, कुलूप लावलं," त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "याला या गावाची माया हाय. असला चोर लय वंगाळ असतोय राजेश्री. सापडल्यावर कुणाचंच भलं होत न्हाई."

२

कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक बजरंगरावांकडं, एक काकांच्या घरी.

बजरंगराव आमच्या समितीचे अध्यक्ष. स्वतः आगकाड्यांचं वाफेचं इंजिन करून ठेवलेलं, पहिल्या बक्षिसावर डोळा. मावशींनी विचारलं तसे ते तडकले.

"माझ्यावर शक? मला त्याचं खेळणं चोरायचं असतं तर त्यालाच समितीत कशाला घेतलं असतं?"

"शक न्हाई. किल्ली कुठं होती ते विचारायलेय."

"करदोड्याला. आंघोळीलाबी काढत न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगू का? वाईट वाटलं न्हाई मला. कुणीबी आलं की ह्याचं सुरू, माझा हरिओम, माझा हरिओम. माझं पोरगं हितंच नळ फिटिंग करतंय. त्याचं काय पाप हाय? पण चोरी मी केली न्हाई."

दुसरा माणूस रायभान. काकांचा जुना सहकारी, त्यांच्या इंजिनावर सहायक होता. घरी आजही मेंढरं. डोंगरावरची सगळी झाडी त्यानं रंगवलेल्या लोकरीची केली होती. पूल त्याच्याच हातचा. आदल्या संध्याकाळी काकांबरोबर शेवटी बाहेर पडला तो हाच. तो दारात उकिडवा बसला होता.

"तुमचं न् किशनरावांचं भांडण झालं होतं म्हणं?" मावशींनी विचारलं.

"झालं होतं की. मी म्हणलं, आपली पूर्णा करू. आपलं जंक्शन, आपला नदीवरचा पूल, जुनी मीटरगेज. आपण दोघांनी जन्म घातला त्याच्यात. तर म्हणला, न्हाई, अमेरिकाच. बापाला पोराचं गाव बघायचंय. जाता येत न्हाई तर करून बघतो." रायभाननं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग मी काय बोलू? केली अमेरिका. पाटीवर माझं नाव न्हाई, ते एक लागलं मनाला. पण बाई, मला राग आला असता तर मी पूल मोडला असता. मी बांधलाय तो. दुसऱ्याचं इंजिन कामून नेऊ?"

मावशींनी मान हलवली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "दोघंही खरं बोलतायत असं वाटतं."

"वाटतंय. मग राहिलं कोण?"

राहिली घरची किल्ली. आणि घरात काकांखेरीज एकच माणूस होतं.

३

कस्तुराबाई, म्हणजे काकू, ज्वारी निवडत बसल्या होत्या. समोरची खोली रिकामी झाल्यानं घर अचानक मोठं वाटत होतं. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं नाही.

"किल्ली खुंटीला असती," त्या म्हणाल्या. "रात्रभर तिथंच होती."

"वहिनी, तुमाला ते गाव आवडत न्हवतं का?"

"न्हाई आवडत." काकूंनी लपवलं नाही. "तीन वर्षं माझ्या घरात ते पसरलं होतं. पाहुणे आले की चुलीपाशी बसवायचे. पोराला यायला सांगा म्हणलं की ह्यांचं एकच, तो लय कामात हाय, तवर मी त्याची टाकी रंगवतो."

"काल तुमी कुठं होता?"

"दिवसभर बोरीला. सांजच्याला आले परत. माझी बहीण हाय ना, धुरपता, तिला बरं न्हाई. दिवाळीपासून माझं जाणं-येणं चालूच हाय. तिच्या घरचीच गिरणी हाय, येताना पीठबी आणते." त्यांनी कोपऱ्यातल्या डब्याकडं बोट केलं.

तेवढ्यात काका जेवायला आले. मावशी त्यांना म्हणाल्या, "किशनराव, ते इंजिन डब्यापासून काढायला काही युक्ती लागती का? हरिओमला विचारता का जरा?"

काकूंचा हात सुपात थांबला. "आत्ता कशाला? तिकडं रात्र असंल."

"बापाचा फोन तो कवाबी घेतो," काका म्हणाले आणि त्यांनी फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. बाहेर भर दुपारचं ऊन होतं.

पहिल्याच रिंगला आवाज आला, "बोला बाबा."

"झोपला होतास का रे?"

"न्हाई, जागाच होतो." मागं कुठंतरी कुक् कुक् कुक् असा एकसुरी आवाज चालला होता. युक्ती त्यानं नीट सांगितली. डब्याच्या खालून बोटानं दाबून आकडा सोडवायचा, ओढायचं नाही.

"आवाज कसला येतोय?"

"खाली बॉयलरचं काम चालूय बाबा."

काकांनी घसा साफ केला. "हरिओम, आजचं पडद्यावरचं रद्द करावं लागंल. इंजिनच न्हाई तर तुला काय दाखवू?"

पलीकडचं कुक् कुक् चालूच होतं. "असू द्या बाबा. जिवाला लावून घेऊ नका."

फोन ठेवून काकांनी डोळे पुसले. "बघा. मध्यरात्र हाय तिकडं. बापासाठी जागा राहतो."

काकूंनी सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या. ज्वारी अजून निवडून व्हायची होती.

४

संध्याकाळी उद्‌घाटन झालं. बजरंगरावांनी भाषण केलं. काका आपल्या टेबलामागं उभे राहिले आणि येईल त्याला सांगत राहिले की इंजिन दुरुस्तीला गेलंय. बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता.

गर्दी ओसरल्यावर मावशींनी एक विचित्र गोष्ट केली. रस्त्यावरच्या सगळ्या छोट्या मोटारी उचलून ताटलीत ठेवल्या आणि बजरंगरावांना बोलावलं.

"चुकून हात लागला न् सांडल्या. लावून देता का जरा?"

बजरंगरावांनी कुरकुरत लावल्या. ते गेल्यावर मावशींनी त्या परत काढल्या. मग रायभान आला, त्यानं लावल्या. मग काकूंना बोलावलं. शेवटी काकांना. काकांनी चष्मा पुसून, एकेक मोटार दोन बोटांत धरून, अंतर मोजल्यासारखी लावली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"काल संध्याकाळी पेपरसाठी तू फोटो काढला होतास ना? दाखव."

मी फोन काढला. फोटोत काका हसत उभे होते, पुढं त्यांचं गाव. मावशींनी बोटांनी फोटो मोठा करत रस्त्यावर आणला.

"मोटारी कुठल्या बाजूनं चालल्यात?"

"डाव्या."

"आता समोर बघ. काकांनी लावल्यात त्या?"

"डाव्या. आपण चालतो तशाच."

"बजरंगरावांनी, रायभाननं, वहिनींनीबी डावीकडंच लावल्या. कुणाला विचार करावा लागला न्हाई. हात आपोआप तिकडं जातोय." मावशींनी आवाज खाली आणला. "सकाळी मी आले तवा सगळ्या मोटारी उजव्या बाजूला होत्या. समोर पाटीवर अमेरिका लिहिलंय, मला वाटलं किशनरावांनी तिकडच्यासारख्याच लावल्या असतील. आता तुझ्या फोटोनं सांगितलं, न्हाई. त्यांनी आपल्यासारख्या लावल्या होत्या."

मी पुन्हा टेबलाकडं बघितलं. "म्हणजे चोराचा धक्का लागला, मोटारी पडल्या…"

"न् त्यानं परत लावल्या. त्याच्या हाताला जी सवय त्या बाजूनं. पूर्णेत अशी सवय कुणाला असंल?"

मला ते नाव तोंडातून काढायची भीती वाटली.

"चोरीनं काय गेलं ते सगळे बघतात," मावशी म्हणाल्या. "मी बघते काय व्हायचं राहिलं. व्हिडिओ कॉल राहिला. तो कुणाला नको होता? पडद्यावर खरी टाकी कुणाला दाखवता आली नसती? अमेरिकेत मध्यरात्री पहिल्या रिंगला कोण फोन उचलतं? आणि तो आवाज, राजेश्री. बॉयलर न्हवता तो. डिझेलवरची जुनी गिरणी होती. लाईट गेली की आजबी खेड्यात तिच्यावरच दळतात."

त्या वळल्या. काकू दाराशी चपला घालत होत्या. मावशी त्यांच्याजवळ गेल्या.

"वहिनी, हरिओम कुठं हाय?"

"अमेरिकेत."

"आजबी?"

काकूंनी आधी हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघितलं. मग त्या तिथंच पायरीवर बसल्या. एक चप्पल पायात, एक हातात.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही परभणीला उतरलो आणि जिंतूरच्या एसटीनं बोरीला गेलो. धुरपताबाईंचं घर गिरणीला लागूनच. लाईट आलेली असावी, डिझेलची गिरणी बंद होती.

हरिओम मागच्या पडवीत कपडे वाळत घालत होता. चाळिशीच्या आतलाच, पण कानशिलं पांढरी. आम्हाला बघून पळाला नाही. हातातला शर्ट पिळून दोरीवर टाकला, मग म्हणाला, "आईनं सांगितलं?"

"तूच सांगितलंस," मावशी म्हणाल्या. "मोटारी उजवीकडं लावून."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो कसनुसा हसला. "बाबांच्या फोटोत मी ते कितीदा बघितलं होतं. चूक हाय म्हणून कधी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर त्यांनी अजून दहा गोष्टी विचारल्या असत्या."

आम्ही बाजेवर बसलो. त्यानं सांगितलं ते सरळ होतं. चांगली नोकरी दोनच वर्षं होती. मग ती गेली, कागदांची मुदत संपत आली, एका मोटेलच्या मागच्या खोलीत राहून खोल्या साफ केल्या, शेवटी दिवाळीच्या आधी परत यावं लागलं. स्टेशनवरून त्यानं आईला फोन केला. आईनं त्याला घरी न नेता बोरीला आणलं. थोडे दिवस, एखादी नोकरी लागेपर्यंत, मग बाबांना सांगू. ते थोडे दिवस संपलेच नाहीत.

"न् ते गाव?" मी विचारलं. "टाकी, कोठ्या, पूल?"

"मी तिथं कधी गेलो न्हाई."

"म्हणजे?"

"बाबा फोटो मागायचे, तुझं गाव दाखव म्हणून. मोटेलच्या मागं कचऱ्याचे डबे होते. त्याचा काय फोटो पाठवू? इंटरनेटवर एक सुंदर गाव सापडलं, त्याचे पाठवले. मला काय माहीत ते तेवढं करून ठेवतील." त्यानं हात पुसले. "त्यांनी विचारलं, टाकीला पाय किती? मी मोजून सांगितले. फोटोतून."

कोनाड्यातून त्यानं टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन आणलं. "परवा सांजच्याला आईबरोबरच पूर्णेला आलो, रात्री तिनं खुंटीवरची किल्ली दिली. चादर काढली तवा मला कळलं की आमचं सगळं आयुष्य त्यांनी तिथं बसवलंय. पाटी वाचायला वाकलो. टेबलाला धक्का बसला न् मोटारी सांडल्या. मावशी, हे तुमी ठेवा. सापडलं म्हणा. माझं नाव घेऊ नका."

"मी खोटं बोलणार न्हाई," मावशी म्हणाल्या. "न् खरंबी मी सांगणार न्हाई. ते तुझं काम हाय. आज चल."

तो तयार झाला. त्या वेळी मला वाटलं, सगळं मार्गी लागलं.

६

पूर्णेला पोचलो तेव्हा बक्षीस समारंभाची तयारी चालली होती. हरिओम दारातून आत आला आणि काकांनी त्याला बघितलं.

त्याला तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. काका टेबलामागून धावत आले, त्याला मिठी मारली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "हरिओम आला! अमेरिकेहून आला! बापाचं इंजिन गेलं ऐकलं न् विमानात बसला!" लोक टाळ्या वाजवायला लागले. बजरंगरावांनी माईक हातात घेतला. रायभान उठून उभा राहिला. हरिओमच्या हातात टॉवेलची गुंडाळी होती आणि तोंड उतरलं होतं.

"बाबा," तो म्हणाला. "बाबा, आत चला."

वधूपक्षाच्या खोलीत आम्ही पाचजण होतो. काका, काकू, हरिओम, मावशी आणि मी. मी बाहेर जायला निघाले तर काका म्हणाले, "थांब पोरी, तू घरचीच हायेस." त्यांना अजून काही माहीत नव्हतं.

हरिओमनं उभ्यानंच सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबला नाही, जणू थांबला तर पुढचं राहून जाईल. काका इंजिन हातात घेऊन ऐकत होते. त्याची चाकं अंगठ्यानं फिरवत होते.

"ती टाकी," शेवटी त्यांनी विचारलं. "ती तरी कुठं हाय का?"

"असंल बाबा. मला माहीत न्हाई कुठं."

"बरं."

मला वाटलं ते आता ओरडतील. पोराच्या कानाखाली मारतील. ते काकूंकडं वळले.

"दिवाळीपासून?"

काकूंनी मान खाली घातली.

"रोज फोन यायचा तवा तू माझ्या शेजारी बसायचीस. विचारायचीस, तिकडं थंडी लय हाय का रे, स्वेटर घालतोस का." काकांचा आवाज अगदी हलका होता. "तो खोटं बोलला ते लांबून बोलला. त्याला माझं तोंड दिसत न्हवतं. तू तर माझं तोंड बघून बोलायचीस, कस्तुरा."

"तुमी मोडून पडाल म्हणून…"

"मी एवढा कच्चा वाटलो व्हय तुला? गाडीखाली माणसं आलेली बघितलीत मी. पोराची नोकरी गेली, हे मला सोसलं नसतं?"

बाहेर बजरंगराव माईकवर काकांचं नाव पुकारत होते. पहिलं बक्षीस त्यांच्या गावाला मिळालं होतं. काका गेले नाहीत. मागच्या दारानं घरी निघून गेले. टेबलाकडं त्यांनी बघितलंही नाही. बक्षीस घ्यायला कुणी येईना तेव्हा लोक कुजबुजायला लागले, आणि रात्र व्हायच्या आत गावाला सगळं कळलं होतं.

हरिओमला पुढं नांदेडला एका गोदामात काम लागलं. काका त्याच्याशी बोलतात, थोडं, कामापुरतं. काकूंशी बोलत नाहीत. शिव्या नाहीत, भांडण नाही. त्यांनी आपला स्वयंपाक आपण करायला सुरुवात केली, एवढंच. काकूंनी वाढलेलं ताट झाकलेलं राहायचं आणि सकाळी गायीपुढं जायचं. उन्हाळ्याच्या तोंडाला काकूंनी पिशवी भरली.

त्या दिवशी मावशी आणि मी बाजारातून येत होतो. बसस्टँडवर काकू एकट्याच बोरीकडं निघालेल्या दिसल्या. मावशी थांबल्या. म्हणाल्या, "वहिनी, मी बोलून बघू का किशनरावांशी?"

काकूंनी पदर सावरला. आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

"नको बाई. तुमी आल्या नसत्या तर माझं नुसतं इंजिन हरवलं असतं."

बस लागली. काकूंनी खिडकीची जागा धरली आणि तोंड पलीकडं केलं. मावशी बस जाईपर्यंत उन्हात उभ्या होत्या. मग माझ्या हातातली भाजीची पिशवी त्यांनी घेतली आणि आम्ही घराची वाट धरली.